कुठे पडला, ते दाखवा

मेलबर्न विमानतळावरच्या डब्यात टाकून दिलेली आपट्याची पानं.

मंत्र्यांच्या दालनाच्या दारात पडलेला एक सेनापती.

सायकलच्या हेल्मेटमधून साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या राहिलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या.

पायांना चिंध्या गुंडाळलेला गोलंदाज.

साताऱ्याकडच्या एका घरातलं चांदीचं पदक, त्यावर परक्या राजाचं तोंड.

एक बादली, एक ओलं फडकं.

मित्रांनो, यातलं काहीच एकमेकांचं कुणी लागत नाही, असं तुम्हाला वाटेल. परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं. मग या साऱ्याची एकाएकी गाठ पडली, आणि मी जी हादरले ती अजून सावरलेली नाही. तसं पाहिलं तर हादरणं हा माझा धर्मच आहे. मी तोफ आहे. जुनी, हिरव्या रंगाची, लोखंडी धावांच्या दोन चाकांची. तोफेतून गोळा पुढे जातो आणि तोफ मागे येते. म्हणून माझी गोष्टही सरळ पुढे जाणार नाही. धक्का बसेल तशी मागे येईल. तेवढं सांभाळून घ्या.

पुढे.

मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्न या उपनगराच्या शिवेवर, जुन्या हायवेलगतच्या एका लहानशा बागेत मी उभी असते. भोवती गुलाबाचे वाफे, डोक्यावर निलगिरीचं झाड, समोर राखाडी गॅरेजांची एकसारखी नवी घरं. लोक कुत्री फिरवायला येतात. मुलं माझ्या नळीवर बसून चिप्स खातात. माझ्या पायाशी एक पितळी पाटी होती, ती कुणी पितळेसाठी काढून नेली. आता नुसते चार स्क्रू उरलेत. स्क्रू वाचून मी कोण, हे कुणाला कळणार?

परवा दुपारी तीन माणसं आली. पुढे दत्तात्रय. वय पंचाहत्तर, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. त्यांच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट होतं आणि हेल्मेटमधून प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या होत्या. इथे वसंतात मॅगपाय नावाचा पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो, त्याला दूर ठेवायची ही युक्ती. त्यांच्यामागे त्यांची लेक चित्रलेखा. ती इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. आता एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिच्या हाताला धरून नात मयूरा, दहा वर्षांची.

"दसऱ्याला शीव ओलांडायची असते," दत्तात्रय म्हणत होते. "सीमोल्लंघन. त्याशिवाय दसरा झाला असं म्हणायचं नाही."

"बाबा, सबर्बला कसली शीव? एक संपतं, दुसरं लागतं."

"मघाशी नावाची पाटी गेली ना? ती शीव. ओलांडली आपण."

तेवढ्यात त्यांना मी दिसले. ते थबकले. हातातलं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून बघत राहिले.

"चित्रा, तोफ आहे गं. दसऱ्याच्या दिवशी शीव ओलांडली आणि पुढ्यात तोफ."

त्यांच्या गावाजवळच्या किल्ल्यावर दोन तोफा आहेत म्हणे. दर दसऱ्याला हे गावातल्या पोरांना घेऊन गड चढायचे आणि त्या तोफांना हार घालून यायचे. यंदा गड नाही, आपटा नाही. आपट्याची पानं आणली होती, ती विमानतळावर काढून घेतली. सकाळी लेकीच्या गाडीची पूजा केली, तेवढाच दसरा. त्यातला एक झेंडूचा हार ताटात उरला होता.

"बाबा, कुणाला विचारल्याशिवाय नको. इथे लोक लगेच फोटो काढून फेसबुकवर टाकतात."

"फुलं वाहायला कुणाला विचारायचं? बघ की, त्यांनीच भोवती गुलाब लावलेत. त्यांचंही दैवतच आहे हे."

"आजोबा, इट्स अ वॉर थिंग. वी कान्ट टच इट," मयूरा म्हणाली.

"वॉर थिंग आहे म्हणूनच तर."

मित्रांनो, मला आजवर गवताच्या पेंढ्यांनी पुसलंय, तेलाने पुसलंय, रंगवलंय. पण त्या माणसाने हळदीकुंकवात बोट बुडवून माझ्या नळीभोवतीच्या पोलादी ढालीला लावलं, चाकांना लावलं, नळीच्या तोंडाशी लावलं. हार घातला. निलगिरीची दोन पानं तोडून माझ्यावर ठेवली आणि म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

"आजोबा, ही पानं व्हिक्ससारखी स्मेल करतात."

"मग बरंय. तोफेची सर्दी जाईल."

मग त्यांनी हेल्मेट काढलं. चित्रलेखा म्हणाली, "बाबा, मॅगपाय..." त्यांनी ऐकलं नाही. माझ्या नळीवर कपाळ टेकलं आणि हळूच, माझ्याशीच बोलल्यासारखं बोलले.

"आमचे आजोबा तुमच्याच बाजूने लढले. मराठा पलटणीत होते. पॅलेस्टाईनला गेले ते परत आलेच नाहीत. चांदीचं पदक तेवढं आलं घरी. तिकडे त्यांच्या नावाचा दगड नाही, काही नाही. फूल वाहायचं तर कुठे वाहायचं? जन्म गेला, एक जागा नाही मिळाली. तुमच्यापाशी वाहतो."

पॅलेस्टाईन.

मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

मागे.

मी जर्मनीतल्या एका पोलादाच्या कारखान्यात जन्मले. गिऱ्हाईक लांबचं होतं: इस्तंबूलचा उस्मानी सुलतान. सहाशे वर्षांचं साम्राज्य, तीन खंडांत पसरलेलं, आणि त्याला तोफा दुसऱ्याच्या दारात विकत घ्याव्या लागतात, हा मला बसलेला पहिला धक्का. माझ्या पाठीवर सुलतानाची मोहोर कोरली. वेलबुट्टीसारखी दिसते, पण ती अक्षरं आहेत, त्याचं नाव आहे.

मोहोर नवीकोरी असतानाच, १९०९ साली, त्या सुलतानाला त्याच्याच फौजेने गादीवरून उतरवलं. नवा सुलतान बसवला, पण हुकूम चालायचा तरुण लष्करी अधिकाऱ्यांचा. मी ज्याच्या नावाची, तो नजरकैदेत. आणि ज्यांनी त्याला कैद केलं, त्यांच्यासाठी मी उडायची. माझी मोहोर पुसायचं कुणाला सुचलं नाही. सवड नव्हती.

मग बाल्कनचं युद्ध. काही आठवड्यांत युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला. मला चिखलातून मागे ओढलं, आणखी मागे ओढलं. शत्रू राजधानीपासून हाकेच्या अंतरावर आला आणि तोफांचे आवाज शहरात ऐकू यायला लागले. अशा वेळी काय व्हावं? काही अधिकारी भरदिवसा सरकारच्या इमारतीत घुसले. आवाज ऐकून युद्धमंत्री दालनाच्या दारात आला, फौजेचा सेनापतीही तोच. त्याला तिथेच गोळी घातली. आतल्या वजिराकडून राजीनामा लिहून घेतला. बाहेर शत्रू उंबरठ्यावर, आणि घरात हे. आघाडीवर ही बातमी आली तेव्हा माझे गोलंदाज चिखलात बसून पाव मोडत होते.

"आता राज्य कुणाचं म्हणायचं?" एकाने विचारलं.

"जेवण पाठवेल त्याचं."

"मग आपलं राज्य बुडालं की."

"खेचरांचं आहे अजून. त्यांना चारा येतो."

सगळे हसले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत, या अवस्थेत, ते साम्राज्य महायुद्धात उतरलं. कुणी उतरवलं? त्याच मूठभर अधिकाऱ्यांनी. पहिल्याच हिवाळ्यात एक अख्खी फौज पूर्वेकडच्या डोंगरांत बर्फात संपली. लढून कमी मेले, गारठून जास्त. मला आगगाडीने दक्षिणेला नेत होते तेव्हा रुळांच्या कडेने माणसांच्या रांगा चालताना पाहिल्या. आर्मेनियन बायका, म्हातारे, कडेवर पोरं. साम्राज्याचीच प्रजा. साम्राज्याचेच शिपाई त्यांना वाळवंटाकडे हाकत होते. वाटेत बसला तो पुन्हा उठत नव्हता. आमच्या गाडीतले सगळे बघत राहिले. मीही बघत राहिले. बघण्यापलीकडे तोफेच्या हाती काय असतं, असं मी स्वतःला विचारते, आणि मग आठवतं की मला तर हात नाहीतच.

मित्रांनो, ताकद म्हणजे तोफा, असं तुम्हाला वाटतं ना? १९१८ साली मी पॅलेस्टाईनच्या एका टेकाडामागे उभी होते. माझं पोलाद ठणठणीत होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या गोलंदाजाच्या पायात बूट नव्हते, चिंध्या होत्या. मला ओढायला घोडे उरले नव्हते, बैल जुंपायचे. पलटणीत राहिलेल्यांपेक्षा पळून गेलेले जास्त आहेत, असं अधिकारी दबक्या आवाजात बोलायचे. राजधानीतून मात्र विजयाच्या बातम्या येत.

सप्टेंबरात एका पहाटे पलीकडून तोफांचा असा मारा सुरू झाला की जमीन उकळल्यासारखी वाटली. मग धुरातून पायदळ पुढे आलं. दुर्बीण लावून बसलेला ओरडला, "हिंदी पलटणी आहेत!"

मी उडाले. पुन्हा उडाले.

तोफ उडते तेव्हा कसं असतं ते सांगते. दणका बसतो. डोळ्यांपुढे धूर येतो. तोफ मागे फेकली जाते. आणि गोळा टेकाडापलीकडे जातो. कुठे पडला, कुणावर पडला, ते तोफेला दिसत नाही. कधीच दिसत नाही.

दुपारपर्यंत आमची फळी फुटली. चिंध्यांचे पाय असलेला गोलंदाज माझ्या चाकाला हात लावून पळाला. पुढे काही दिवसांनी टोपीत इमूची पिसं खोवलेले ऑस्ट्रेलियन घोडेस्वार आले आणि मी त्यांची झाले.

पुढे.

बोटीतून मी इथे आले. जिंकलेल्या तोफा गावोगाव वाटल्या, त्यातली एक या बागेला मिळाली. बँड वाजला, भाषणं झाली. मुलं नळीवरून घसरगुंडी खेळली. दुसऱ्या महायुद्धात माझ्या काही बहिणी वितळवल्या, काही पुरल्या. मला एका शेडमागे टाकलं. गवत वाढलं, सशांनी बिळं केली, कुणीतरी नळीत सिमेंट भरलं. तिकडे सुलतानाचं पद गेलं, साम्राज्य गेलं, लिपीसुद्धा बदलली. इथून जवळच्या ब्रॉडमेडोजमध्ये पुष्कळ तुर्की लोक राहतात. त्यांच्यातली एक बाई दर एप्रिलमध्ये, युद्धाच्या स्मरणदिनी येते आणि माझ्या मोहोरेवरून बोट फिरवते. तिला ती वाचता येत नाही. ज्याच्या नावावर एवढी माणसं मेली, त्याचं नाव त्याच्या लोकांच्या नातवंडांना वाचता येत नाही. हाही एक धक्काच.

माझ्या युद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा नोएल नावाच्या म्हाताऱ्याने मला शेडमागून बाहेर काढवलं, खरवडलं, रंगवलं. तेव्हापासून तोच माझी देखभाल करतो.

आणि काल सकाळी नोएल बादली घेऊन आला.

त्याच वेळी चित्रलेखाची गाडी येऊन थांबली. तिचा चेहरा उतरला होता. तिच्या भागातल्या लोकांच्या फेसबुक ग्रुपवर माझा फोटो पडला होता: 'आपल्या स्मारकाला कुणी लाल रंग फासला?' खाली सत्तर-ऐंशी माणसं चिडून लिहीत होती.

"आय ॲम सो सॉरी," ती नोएलला म्हणाली. "माझे वडील आहेत. त्यांना माहीत नव्हतं. आम्हीच साफ करतो."

"नो वरीज, लव्ह," नोएल म्हणाला. "लाल निघेल. हे पिवळं मात्र हट्टी दिसतंय. काय आहे?"

"टर्मरिक," मयूराने सांगितलं.

"करीतलं?"

"सॉर्ट ऑफ."

नोएल हसला. दत्तात्रय माझ्या चाकावर हात ठेवून उभे होते. इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धं कळायचं, पण नोएल हसला म्हणून तेही हसले. मग नोएल म्हणाला, "एक विचारू? तुझ्या आजोबांनी हिला हार का घातला? ही आपली नाही. ही तुर्कांची. आपल्या लोकांनी पकडून आणलेली."

मयूराने आजोबांकडे पाहिलं.

"काय म्हणाला?" दत्तात्रयांनी विचारलं.

"आजोबा, ही ना... बॅड गाइज्ची आहे. म्हणजे एनिमीची."

"कुठून आणली म्हणाला?"

तिने नोएलला विचारलं. उत्तर भाषांतराशिवाय पोचलं.

"पॅलेस्टाईन. नाइन्टीन एटीन."

दत्तात्रयांचा हात माझ्या चाकावरून निघाला. चटका बसल्यावर निघतो तसा. ते दोन पावलं मागे गेले, तोफ जाते तसे, आणि बाकावर बसले. मॅगपाय झाडावरून सुटला, त्यांच्या केसांना घासून गेला. त्यांनी हातसुद्धा वर केला नाही.

"बाबा." चित्रलेखा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "अशा शेकडो होत्या. हीच कशावरून?"

"नसेलही."

"मग?"

"असेलही." ते माझ्याकडे बघत होते. "काल डोकं टेकलं मी हिच्यावर. आजोबांचं नाव घेऊन."

"घरी चला. मी करते साफ."

"आमच्याकडे म्हणायचे, जर्मन लढाईत गेला. पुढे मी शाळेत शिकलो की तिथे तुर्क होते. आजीला सांगितलं, तर म्हणाली, जर्मनच. मला वाटायचं, अडाणी आहे, हिला काय कळतंय."

मयूराने हे नोएलला सांगितलं. नोएलने मान हलवली. "तिला सांग, म्हणजे त्यांना सांग, त्यांच्या आजी बरोबर होत्या. बनावट जर्मन आहे. तुर्कांनी विकत घेतलेली."

दत्तात्रयांनी माझ्या ढालीवरच्या कुंकवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी विशीतली होती. सरकारी कागद आला, तो पाटलाने वाचून दाखवला. ती म्हणाली, कागदाचं मला सांगू नका. कुठे पडला, ते दाखवा. मग मानते. कोण दाखवणार? पाटील दाखवणार? माझे वडील मोठे झाले, लग्न झालं, मी झालो. ती म्हणायची, दाखवलं का कुणी अजून?"

नोएलने फडकं पिळलं आणि माझ्या ढालीकडे नेलं.

"वन मिनिट," दत्तात्रय म्हणाले आणि उठले. "कुंकू परक्याने पुसायचं नसतं. मी पुसतो."

"ही वॉन्ट्स टू डू इट," मयूरा म्हणाली. नोएलने फडकं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चाकं पुसली. नळीचं तोंड पुसलं, आतल्या सिमेंटला तळवा लावून क्षणभर थांबले. शेवटी ढाल. लाल पाणी माझ्यावरून ओघळून गवतात गेलं. ओघळ थांबेपर्यंत ते पुसत राहिले. हळदीचा पिवळा डाग तेवढा राहिला, तो नोएललाही पुढे कधी काढता येणार नाही.

मग त्यांनी माझ्या गळ्यातला हार काढला. मला वाटलं, टाकून देतील. ते माझ्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे पाठ करून सरळ चालायला लागले. माझी नळी जिकडे रोखलेली आहे तिकडे. गुलाबांच्या वाफ्यापलीकडे, गवतातून, कुंपणाजवळ पोचेपर्यंत. तिथे थांबले. खाली वाकून हार गवतावर ठेवला. खिशातून निलगिरीची पानं काढून त्यावर ठेवली.

"बाबा, काय करताय?" चित्रलेखाने विचारलं.

"इथे पडला," ते माझ्याकडे वळून तिथूनच म्हणाले. "असं धरू."

मयूरा धावत गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. नोएलने डोक्यावरची टोपी काढली. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"हार राहू द्या का तिथे?" चित्रलेखाने नोएलला विचारलं.

"मी गवत शनिवारी कापतो," तो म्हणाला. "तेवढ्या तुकड्याला वळसा घालेन."

मित्रांनो, शंभरहून जास्त वर्षं मी ज्या जागेचा विचार करत आले, ती जागा मला काल कुणीतरी दाखवली. खरी नसेल. पण तिथे एक माणूस उभा होता, माझ्याकडे तोंड करून, आणि तो मला दिसत होता. असा धक्का मला कुठल्या गोळ्याने दिला नव्हता.

गोष्टीच्या शेवटी 'माझी काळजी घ्या' असं म्हणायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. नोएलनंतर मला कुणी रंगवलं नाही तर गंजेन. गंजू द्या. पण नळीवर बसून चिप्स खाल तेव्हा एकदा खाली उतरा. माझ्या तोंडासमोरून सरळ चालत जा, कुंपणापर्यंत. वळा आणि तिथून माझ्याकडे बघा. कुठल्याही गावात तोफ दिसली, तर आधी हे करा. मग वाटलं तर हार घाला.

दत्तात्रयांची आजी १९७१ साली गेली. तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं.